गचका ज्याचा त्याचा

चाकाचा शोध नेमका कधी लागला यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण चाकावर बसलेल्या दोन माणसांत पहिला मतभेद कधी झाला, हे सांगायला विद्वान कशाला हवा? पहिला खड्डा लागला तेव्हा! पुढे बसून हाकणारा म्हणाला असेल, "कुठं काय?" आणि मागे बसलेली म्हणाली असेल, "तुम्हाला काय होतंय, कासरा तुमच्या हातात आहे!" पुढे कासऱ्याचं स्टिअरिंग झालं, छकड्याची सात माणसांची एसयूव्ही झाली, संवादात मात्र फारशी सुधारणा नाही.

वाद मिटवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १८०४ साली इंग्लंडात ओबडाया इलियट नावाच्या गाडीकाराने घोडागाडीखाली पोलादी कमानी पाटे बसवले. आपल्या टांग्याखालचे पाटे त्याच कुळातले. मग १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेले टायर लावले. हे गृहस्थ पेशाने गुरांचे डॉक्टर. तोंडाने न सांगणाऱ्याचं दुखणं ओळखायची सवय असलेल्या माणसाच्या हातून हे काम व्हावं, यात मला तरी मोठा अर्थ दिसतो.

तिसरे महापुरुष मॉरिस ऑली. हे इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत गेले. गाडी किती हादरते हे मोजायला तेव्हा धड यंत्रं नव्हती. मग एक युक्ती निघाली. उघड्या भांड्यात पाणी भरायचं, गाडी मैलभर चालवायची आणि किती पाणी सांडलं ते पाहायचं. आपल्याकडे डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून घरी येणारी कुठलीही बाई ही परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली असती!

ऑलीसाहेबांनी पुढे वजनं मागेपुढे हलवता येतील अशी एक खास गाडीच तयार केली आणि तिच्यात माणसं बसवून त्यांची मतं घेतली. त्यातून निघालेला नियम असा : पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा नरम हव्यात. कारण खड्ड्यात पुढचं चाक आधी जातं, मागचं नंतर. मागची बाजू जरा भरभर हलली, तरच ती पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी खालीवर डोलायची थांबते. सुनेने सासूच्या पावलावर पाऊल टाकायचं, पण जरा झपझप, असा हा प्रकार.

आता जीपकडे येऊ. ती जन्मली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन लष्करासाठी. सैनिकाला "बसायला बरं वाटतंय ना?" असं विचारायची लष्करात पद्धत नाही. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जुळवणी सुरू केली आणि यथावकाश पश्चिम महाराष्ट्रात तिचं वडाप झालं. वडापवाला "अजून एक शीट, अजून एक शीट" करत अर्धा तास खोळंबतो म्हणून आपण त्याच्या नावाने बोटं मोडतो. पण शास्त्र त्याच्या बाजूचं आहे. त्या जीपचे पाटे भरल्या गाडीच्या वजनाला बेतलेले. रिकामी असली की ती टणाटण उडते. माणसं कोंबली की पाटे वाकतात आणि गाडी शहाण्यासारखी चालते. म्हणजे गचका कमी करायला शेजाऱ्याचं कोपर सोसायचं. आराम फुकट मिळत नाही, हे तत्त्वज्ञान वडापइतकं स्वच्छ कोणी शिकवलेलं नाही.

१९९४ साली टाटांची सुमो आली. पुष्कळांना ते जपानी पहिलवानाचं नाव वाटलं. प्रत्यक्षात ती सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं. सुमोने अख्खं कुटुंब एका गाडीत बसवलं आणि त्याबरोबर अख्ख्या कुटुंबाचे मतभेदही. २००० साली क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये इनोव्हा. इनोव्हाच्या मागच्या बाजूला पाटे जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, तेव्हा मागच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग २०११ मध्ये एक्सयूव्ही ५०० आली. तिच्यात ट्रकसारखी शिडीची वेगळी चौकट नव्हती; चौकट आणि सांगाडा एकजीव. इथून दोन पंथ पडले. चौकटवाले म्हणतात, "गाडी कशी दणकट हवी!" एकजीववाले म्हणतात, "दणकट हवी, दणका कशाला?"

यात गंमत अशी, की दोघंही खोटं बोलत नसतात. उंच गाडीच्या स्प्रिंगा नरम केल्या की ती गावात पाळण्यासारखी झुलते, पण आंबेनळी घाटात मधल्या रांगेतल्या मावशी पिशवी मागतात. ताठ केल्या की घाटात शाबासकी, आणि गावातल्या गतिरोधकावर शिव्या. चालवणाऱ्याला वळण आधीच कळतं, त्यामुळे त्याला मळमळत नाही. चिरंजीवांना मोठी चाकं आणि बारीक कडेचे टायर हवे असतात, कारण फोटो चांगला येतो. टायरमधली हवा कमी झाली, की तो फोटो मागे बसणाऱ्यांच्या पाठीवर छापला जातो.

आवाजाचंही तेच. जुन्या डिझेल इंजिनाच्या धडधडीत नवराबायकोचं भांडणसुद्धा ऐकू येत नसे. कित्येक संसार त्या इंजिनाने तारले असतील. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, वेग वाढला आणि वाऱ्याचा घोंघाट नि टायरची घरघर यांनाही कंठ फुटला. इंजिन शांत करावं, तर डॅशबोर्डची कुरकुर ऐकू येते. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, तर टायर मैफल गाजवतात. आणि शंभर वर्षं आवाज मारण्यात घालवल्यावर, युरोपात जुलै २०१९ पासून विजेच्या नव्या मॉडेलांना कमी वेगात मुद्दाम आवाज काढायची सक्ती झाली. का, तर पादचाऱ्यांना गाडी आल्याचं कळावं!

शेवटी हा दावा जागतिक पातळीवर गेला. शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांवर १९७४ साली आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक निघालं. त्याच्या १९९७ च्या आवृत्तीत एक तक्ता आहे. हादऱ्याचं माप ०.५ ते १ असेल तर 'बऱ्यापैकी त्रासदायक', ०.८ ते १.६ असेल तर 'त्रासदायक'. मग ०.९ कुठे बसवायचा? दोन्हीकडे! आमच्या बँकेत मी एकच रक्कम दोन खात्यांत लिहिली असती तर ऑडिटरने मला खिडकीतून बाहेर काढलं असतं. पण तक्ता करणारे शहाणे होते. एकाच गचक्याबद्दल दोन माणसांची दोन मतं खरी असू शकतात, हे त्यांनी आकड्यांत लिहून ठेवलं.

फक्त एक मत त्या तक्त्यात येत नाही. सात माणसांच्या गाडीत शेवटची रांग मागच्या चाकांवरच असते. सगळ्यात मोठा गचका तिथे. आणि आपल्या घरांत तिथे कोण बसतं? एक तर लहान पोरं, नाहीतर "मी बसते मागे, तुम्ही बसा ऐसपैस" म्हणणारी आजी. तिला विचारा, "आई, त्रास होत नाही ना?" उत्तर ठरलेलं : "छे रे, मस्त आहे गाडी." घरी आल्यावर ती कोणाला न सांगता कमरेला तेल चोळते.

शोरूमवाला चाचणीसाठी किल्ली देतो ती पैसे देणाऱ्याच्या हातात, आणि त्याला बसवतो गाडीतल्या सगळ्यात सुखाच्या जागी. तेव्हा गाडी घ्यायला जाल तर आजीला बरोबर न्या, स्वतः शेवटच्या रांगेत बसा आणि मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या घ्या. आजी खोटं बोलेल. तांब्या बोलणार नाही.