मागच्या स्पीकरचे अंतर आणि १९४९ चा एक प्रबंध #थ्रेड

होम थिएटरची जोडणी करताना ॲम्प्लिफायर प्रत्येक स्पीकर बैठकीपासून किती मीटरवर आहे, असे विचारतो. बहुतेक घरांत तिथे अंदाजाने आकडा भरला जातो. वास्तविक तो प्रश्न अंतराचा नसून वेळेचा आहे.

१९४९. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात हेल्मुट हास याने आपल्या प्रबंधात एक साधा प्रश्न घेतला: एकच भाषण दोन स्पीकरमधून, पण एकातून किंचित उशिरा आले, तर कानाला काय जाणवते? उत्तर चकित करणारे होते. आवाज ज्या स्पीकरमधून आधी पोहोचतो, त्याच दिशेने सगळे भाषण आल्यासारखे वाटते. काही मिलिसेकंदांपासून सुमारे ३० मिलिसेकंदांपर्यंतच्या विलंबात मागाहून येणारा आवाज जवळजवळ १० डेसिबलने मोठा असला, तरी हा भ्रम टिकतो!

या शोधाचा उपयोग पुढे चित्रपटगृहांना झाला. भारतात युनेस्कोचे सल्लागार म्हणून काम केलेल्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन केली. सत्तरच्या दशकात तिच्या 'डॉल्बी स्टीरिओ' पद्धतीत चार वाहिन्यांचा आवाज फिल्मवरील दोनच ध्वनिपट्ट्यांत गुंफला जाई. पुन्हा वेगळा करताना पडद्यावरील संवाद थोडा मागच्या स्पीकरमध्ये झिरपे. विशेषतः 'स', 'श' यांसारखे ऊष्म वर्ण. उपाय दोन होते. मागच्या वाहिनीतील ७ किलोहर्ट्झवरचा भाग छाटणे आणि तिला मुद्दाम उशीर लावणे. झिरपलेला संवाद उशिरा आला की कान तो पुढचाच मानत असे.

१९८२ मध्ये 'डॉल्बी सराउंड' घरी आले, ते व्हिडिओ कॅसेटवरून. घरगुती यंत्रांत हा विलंब साधारण १५ ते ३० मिलिसेकंद असे. १९८७ चे 'प्रो लॉजिक' आले आणि मधल्या स्पीकरला स्वतंत्र स्थान मिळाले.

नव्वदच्या दशकात ५.१ मध्ये प्रत्येक वाहिनी स्वतंत्र झाली, तसा विलंबाचा हेतूच पालटला. आता सर्व आवाज एकाच क्षणी कानी पोहोचावेत, म्हणून जवळच्या स्पीकरला थांबवून ठेवले जाते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. पुढचे स्पीकर ३ मीटरवर, मागचे दीड मीटरवर असतील, तर फरक साडेचार मिलिसेकंदांच्या आसपास.

आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीला टेकलेला आणि मागचे स्पीकर कानाशीच. अंतर चुकीचे भरले की पुढे-मागे दोन्हीकडे असलेला आवाज मागे ओढला जातो; मग लोक मागचा आवाज कमी करत राहतात, तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत. हासचे १० डेसिबल इथे आठवावेत. आधी टेपने अंतर मोजून भरावे, नंतर चाचणीच्या खरखरीवर सर्व स्पीकरची पातळी जुळवावी.

अपवाद सबवूफरचा. मायक्रोफोनने केलेल्या स्वयंचलित मोजणीत त्याचे अंतर प्रत्यक्षाहून बरेच जास्त दिसते. त्याच्या आतील विद्युतमंडलातच आवाजाला उशीर होतो आणि यंत्र तो उशीर मीटरमध्ये मांडते. तो आकडा 'सुधारू' नये.