ऑनलाइन तासिका : आखणी आणि अध्यापन
हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका हे गाव नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रात येते. २०२० च्या टाळेबंदीपासून ऑनलाइन तासिका रूढ झाल्या. अशा गावांतील विद्यार्थी त्यांत टिकून राहावा, हे प्राध्यापकांच्या आखणीचे पहिले उद्दिष्ट असावे.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या २०१७ मधील उपक्रमाने अभ्यासक्रमाचे चार घटक ठरविले : चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. हीच विभागणी येथेही उपयोगी पडते. व्याख्यान छोट्या भागांत आधीच चित्रित करून, टिपणांसह, डाउनलोड करता येईल असे ठेवावे. थेट तासिका शंकानिरसनासाठी राखावी. नेटवर्क गेल्याने हजेरी बुडू नये, यासाठी ती सोडविलेल्या स्वाध्यायांवरून मोजणे न्याय्य ठरते.