कुंभाराची पत

नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या बाईने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली, असे त्यात कोरले आहे. कुलरिकांकडे १००० कार्षापण, ओदयंत्रिकांकडे २०००, तेल्यांकडे ५००. कुलरिक म्हणजे कुंभार आणि ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे, असा अर्थ अभ्यासक लावतात. राजांच्या वंशावळीपेक्षा मला त्या हजार नाण्यांचे कुतूहल अधिक. त्यांचे व्याज निघायचे ते आव्यातून. आवा बिघडला तर भिक्षूच्या काढ्याचे काय?

आवा बिघडवते ते बहुधा पाणीच. उन्हात वाळलेले मडकेही पुरते कोरडे नसते. त्यातले सुटे पाणी १०० अंशांच्या आसपास वाफ होते. तेव्हा जाळ घाईने वाढवला तर वाफेला वाट मिळत नाही आणि मडके फुटते. म्हणून कुंभार आधी मंद धग देतो. दुसरे पाणी मातीच्या कणांतच बांधलेले असते. ते साधारण ४५० ते ६०० अंशांना सुटते. ते गेले की मडके पाण्यात ठेवले तरी त्याचा पुन्हा चिखल होत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची पारख केली, ही कथा मडक्याचा बद्द आवाज ओळखणाऱ्यांच्याच तोंडून आली असणार.

मग रंग. डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला उत्खनन केले. त्यात काळी-तांबडी भांडी निघाली. आतून व काठाला काळी, बाहेरून तांबडी. माती एकच, लोहही तेच. हवा लागली तो भाग तांबडा झाला. जो बहुधा राखेत उपडा दबला होता, तिथे धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने लोहातला ऑक्सिजन ओढून घेतला, काजळीही मुरली. लाल निखाऱ्यावरून वाफ गेली तरी हाच वायू, हायड्रोजनसह, तयार होतो. एकोणिसाव्या शतकात परदेशी शहरांना ‘वॉटर गॅस’ म्हणून पुरवला गेला तो हाच.

आता गॅसच्या भट्ट्या आल्या. धूर गेला, पाणी नाही गेले. १९ किलोचा एलपीजी सिलिंडर पूर्ण जळला की सुमारे ३० लिटर पाणी वाफ होऊन धुराड्यातून जाते. आणि भट्टीची हवा तोडली की लाल मडके आजही काळे पडते.