पोर्शे ९११ : दर्शनी भागाची जडणघडण

पोर्शे ९११ : जर्मनीतील पोर्शे कंपनीची स्पोर्ट्‌स कार. उंच मडगार्डांत बसवलेले दोन गोल दिवे, त्यांच्यामध्ये उतरत गेलेले सखल बॉनेट आणि जाळीचा अभाव ही तिच्या दर्शनी भागाची ओळख. या रूपाचे मूळ इंजिनाच्या जागेत आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आणि सुरुवातीच्या पिढ्यांत हवेने थंड होणारे. त्यामुळे तेव्हा पुढे रेडिएटर नव्हते, म्हणून जाळीही नव्हती. बॉनेटखाली पेट्रोलची टाकी आणि सामानाची जागा.

कंपनीच्या आधीच्या ३५६ या गाडीचा हा वारसा फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी अधिक रेखीव केला. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात गाडी ९०१ या नावाने आली. प्यूजो कंपनीच्या हरकतीनंतर ती ९११ झाली. मडगार्डांचे उंचवटे केवळ शोभेचे नाहीत. चालकाला ते बसल्या जागेवरून दिसतात व वळणावर पुढच्या चाकांचा अचूक अंदाज देतात.

अमेरिकेतील सुरक्षा नियमांमुळे १९७४ च्या मॉडेलपासून जाड बंपर आणि घडीदार रबरी भाते आले. शर्यतीच्या ९३५ मध्ये दिवे खाली बंपरमध्ये नेऊन मडगार्ड सपाट केले गेले. त्यावरून रस्त्यावरच्या टर्बोचीही चपट्या नाकाची आवृत्ती निघाली. ९९३ या पिढीत (१९९३) दिवे मागे कलले, तरी गोलच राहिले.

खरी कसोटी १९९७ च्या ९९६ या पुढच्या पिढीत लागली. इंजिन पाण्याने थंड होऊ लागले, रेडिएटर पुढच्या चाकांसमोर आले आणि बंपरला हवेची मोठी तोंडे पडली. खर्च वाचवण्यासाठी बॉनेट व हेडलाइट बॉक्स्टर या स्वस्त गाडीशी सामाईक ठेवले. इंडिकेटर हेडलाइटमध्येच सामावल्याने दिव्याचा आकार ओघळल्यासारखा झाला. चाहत्यांनी त्याला तळलेल्या अंड्याची उपमा दिली. हा रोष योग्य होता, पण दोष रेडिएटरचा नव्हता. २००४ च्या ९९७ ने ते सिद्ध केले : रेडिएटर तिथेच राहिले, इंडिकेटर वेगळे झाले, दिवे पुन्हा गोल झाले आणि ९११ ओळखीची दिसू लागली.

९९२ (२०१८) च्या बॉनेटवरील खोलगट पट्टा सुरुवातीच्या गाड्यांची आठवण देतो. २०२४ च्या सुधारणेत पुढचे सर्व दिवे गोल हेडलाइटमध्ये एकत्र आले आणि बंपरची मोकळी झालेली जागा हवेच्या मार्गांना मिळाली. इंडिकेटर आत घेऊनही गोल आकार टिकला. ९९६ ला जे साधले नव्हते, ते इथे साधले.