हात वर कुठून गेले?

पेंटेकॉस्टल सभेतले उंचावलेले हात, मोठमोठ्याने रडणे, टाळ्या हे सारे अमेरिकेहून आलेले नवे खूळ, असे जुन्या वळणाच्या मंडळीत सर्रास ऐकू येते. हातांपुरते बोलायचे तर नवी आहे ती हात जोडण्याची रीत. रोममधल्या प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातले एक भित्तिचित्र आहे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक स्त्री उभी आहे; दोन्ही हात बाजूंना पसरून वर उचललेले, तळवे उघडे, नजर वर. प्रार्थना करणारा ख्रिस्ती माणूस तेव्हा असाच उभा राही. 325 साली निकियाच्या परिषदेने रविवारी गुडघे टेकू नयेत, उभ्यानेच प्रार्थना करावी, असा नियमच घालून दिला. जोडलेले तळवे पश्चिम युरोपात रुळले ते मध्ययुगात. मांडलिक आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देऊन निष्ठेची शपथ घेई. त्या सरंजामी विधीशी या रीतीचे नाते अनेक अभ्यासक जोडतात.

यावर कोणी तर्तुलियनचा दाखला देईल. इ.स. 200च्या सुमारास कार्थेजच्या या लेखकाने हात बेताने उचला, आवाज खाली ठेवा, असे बजावले होते. दाखला खराच, पण त्याचा रोख पाहा: हात उचलावेत की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच, किती उचलावेत एवढाच होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या सभांनी ही ढब भुयारातल्या चित्रांवरून थोडीच उचलली? नाहीच. पण ती मध्यंतरी नाहीशीही झाली नव्हती. लोकांकडून सुटली आणि वेदीपाशी टिकली. कॅथलिक मिस्सेत धर्मगुरू आजही हात पसरून प्रार्थना म्हणतात. पेंटेकॉस्टल लोकांनी स्तोत्रे आणि तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र वाचून ती पुन्हा बाकांवर आणली. धर्मगुरूला शोभते ते सुताराला का शोभू नये, याचे उत्तर टीकाकारांनी द्यायला हवे.

राहिला अमेरिकेचा मुद्दा. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांतून अमेरिकेतली पेंटेकॉस्टल चळवळ पसरली, त्या एप्रिल 1906मध्ये सुरू झाल्या. त्याआधी, जून 1905मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली हुंदके देत पापांची कबुली देत होत्या, सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. वेल्समधल्या 1904च्या धर्मजागृतीच्या बातम्या तिथे पोहोचल्या होत्या, हे मान्य; पण वेल्स म्हणजे अमेरिका नव्हे. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स मात्र अमेरिकन. त्यांनी मुक्तीतल्या या जागृतीवर पुस्तिका लिहिली आणि ती चिलीतल्या वाल्पाराईसो इथल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हरला, पाठवली. तिचे पती विलिस तिथे मेथॉडिस्ट पाळक होते. 1909मध्ये त्यांच्या मंडळीत जे उसळले, त्यातून चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली.