ओहायो नदीकांठचा पंखधारी

अमेरिकेंतील पश्चिम व्हर्जिनिया संस्थानांत ओहायो नदीच्या कांठीं पॉइंट प्लेझंट नांवाचें एक लहानसें गांव आहे. १९६६ च्या १५ नोव्हेंबरच्या रात्रीं दोन तरुण जोडपीं मोटारींतून गांवाबाहेरील ओसाड भागांत गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत तेथें स्फोटक द्रव्यांचा कारखाना होता. माणसाहून उंच, पाठीस पंख असलेली, लाल डोळ्यांची एक आकृति आपल्या मोटारीमागें आली, असें त्यांनीं पोलिसांस सांगितलें. वर्तमानपत्रांनीं तिला ‘मॉथमन’, म्हणजे पतंगमानव, हें नांव दिलें. मग काय विचारतां! वर्षभर कोणाला पंख दिसले, कोणाला आकाशांत विचित्र दिवे. तो क्रौंचजातीचा वाट चुकलेला पक्षी असावा, हें एका प्राणिशास्त्रज्ञाचें मत कोणास रुचलें नाहीं.

१५ डिसेंबर १९६७ रोजीं सायंकाळीं पांचच्या सुमारास, वाहनांची गर्दी असतांना, गांवचा ‘सिल्व्हर ब्रिज’ नदींत कोसळला. ४६ माणसें दगावलीं. त्यांपैकीं दोघांचे देह नदीनें परत दिलेच नाहींत.

पत्रकार जॉन कील यांनीं १९७५ च्या ‘द मॉथमन प्रॉफेसीज’ या ग्रंथांत हे धागे एकत्र ओंवले. तबकड्या परग्रहावरून येतात हें त्यांना मान्य नव्हतें. भुतें, पऱ्या, राक्षस आणि तबकड्या हीं एकाच अदृश्य शक्तीचीं सोंगें, असें त्यांचें म्हणणें. १७७७ सालीं येथेंच मारला गेलेला शॉनी नायक कॉर्नस्टॉक याचा शापही लोकांना आठवला.

चौकशी करणारांनीं मात्र नदींतून लोखंड काढून जुळवून पाहिलें. १९२८ सालीं बांधलेला हा पूल दोरांवर नव्हे, तर पोलादी पट्ट्यांच्या सांखळीवर टांगलेला होता. प्रत्येक दुव्यांत पट्ट्या दोनच. एक तुटली कीं दुसरीनें तोल सांभाळावयाचा कसा? एका पट्टीच्या भोंकाशीं गंज आणि ताण यांमुळें अडीच मिलिमीटर खोलीची चीर वाढली होती. सांधा उकलल्यावांचून ती दिसणें शक्य नव्हतें. चाळीस वर्षें लोक तिच्यावरून ये-जा करीत होते! पंखधाऱ्याची चर्चा होत होती, तेव्हां ती चीर तेथेंच होती.

१९६८ सालीं अमेरिकेंत पुलांच्या नियमित तपासणीचा कायदा झाला. नदीच्या वरच्या अंगास सेंट मेरीज येथें त्याच बांधणीचा जोडपूल होता. दुर्घटनेनंतर तो बंद ठेवण्यांत आला आणि १९७१ सालीं पाडून टाकण्यांत आला.