तळटीप २३ : ‘मेर्सेनची दहावी संख्या’

२३. २ चा १२७ वा घात वजा १. फ्रेंच मठवासी मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये, २५७ पर्यंतच्या कोणकोणत्या घातांकांना अशी वजाबाकी मूळ संख्या देते, याची यादी छापली. तीत १२७ दहावा. यादीत ६७ आणि २५७ चुकून आले, ६१, ८९, १०७ सुटले. म्हणून आजच्या क्रमाने ही संख्या बारावी. लेखकाने जुनाच क्रम धरला आहे. ती ३९ अंकी आहे : १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७.

‘एकही विभाजक न तपासता’ हे शब्द शब्दशः घ्यावेत. लहान मूळ संख्यांनी एकेक भागून पाहायचे, तर अशा संख्येपुढे आयुष्य पुरणार नाही. एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये वेगळीच वाट काढली. लेमर यांनी १९३० मध्ये सुबक केलेले तिचे रूप असे : ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, येईल त्याला तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, तिच्यावर पुन्हा तेच. १२५ व्या फेरीला बाकी शून्य आली, तर संख्या मूळच. ल्युकांनी आपली पडताळणी हाताने केली, हे विलक्षण आहे. १९५१ पर्यंत हिच्याहून मोठी कोणतीही संख्या मूळ असल्याचे कोणाला सिद्ध करता आले नाही. त्या वर्षी फेरिए यांनी मेजावरच्या गणनयंत्राने ४४ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले.

पुढील परिच्छेदातील ‘७७ अंकी परिपूर्ण संख्या’ हिच्यातूनच निघते : हिला २ च्या १२६ व्या घाताने गुणावे.